खाळकुव्यावरचा ओटला

आमच्या स्नेहकुंज सोसायटीतल्या बायका वर्षानुवर्षं संडासाच्या टाकीवर बसून मेथी निवडत आल्या आहेत, असं मी एकदा जनरल मीटिंगमध्ये बोलून गेलो. त्यानंतर कितीतरी दिवस मला सोसायटीत कोणी चहा विचारला नाही. पण त्यात खोटं काय होतं? आम्ही बडोद्यात हरणीला राहायला आलो तेव्हा या भागात ड्रेनेजची लाईन पोचलेली नव्हती. बिल्डरने सगळ्या टेनामेंटांत, म्हणजे या बैठ्या जोडघरांत, मिळून एकच मोठी सेप्टिक टँक बांधून दिली, मधल्या मोकळ्या प्लॉटमध्ये. इथे तिला खाळकुवा म्हणतात. तिच्यावरचा काँक्रीटचा स्लॅब जमिनीपासून गुडघाभर उंच राहिला. कोणीतरी हौसेने त्यावर चायना मोझेक करून घेतलं, म्हणजे फुटक्या कपबश्यांच्या तुकड्यांची ती पांढरी फरशी, बडोद्यातल्या गच्च्यांवर असते ती. शेजारी कडुनिंब वाढला. एवढी आयती गार जागा मिळाल्यावर बायका थोड्याच सोडणार? त्यांनी तिचा ओटला करून टाकला.

दुपारची झोप आटोपली की एकेक जण परात घेऊन घराबाहेर पडायची. भाज्या, कैऱ्या, सुना, जावई, सगळं तिथे निवडलं जाई. नवी सून सोसायटीत आली की तिला आधी ओटल्यावर मधोमध बसवायचं, कुंकू लावायचं, हातावर साखर ठेवायची आणि मगच घरी जाऊ द्यायचं. बाळंतीण दवाखान्यातून आली की तसंच. नवरात्रात मातेचा गरबा, म्हणजे आत दिवा लावलेला छिद्रांचा घट, तिथेच पाटावर मांडायचा आणि भोवती फेर धरायचा. खाली काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी कधी तोंडातून काढलं नाही. मी काढलं, म्हणून मी खडूस.

मी म्हणजे विश्वास, या सोसायटीचा कायमचा सेक्रेटरी. माझे आजोबा गायकवाडी राज्यात खानगी खात्यात अंमलदार होते. राज्य गेलं, अंमल गेला, आमच्या घराण्यात अर्ज लिहिण्याची खोड तेवढी उरली. ड्रेनेजच्या जोडणीसाठी मी इतके अर्ज लिहिले की माझी बायको विमला म्हणायची, "अहो, एक अर्ज मलापण लिहा ने. जेवायला गरम असताना येण्याबाबत." तिचं सगळं बोलणं 'अहो'ने सुरू व्हायचं. अहो ऐका, अहो थांबा, अहो चष्मा डोक्यावर आहे. मी त्याकडे कधी लक्षच दिलं नाही. घरात पंखा फिरत असतो तसं ते होतं.

मग विमलाला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि पाय लुळे पडले होते, ते हळूहळू सावरले, काठी घेऊन चालायला लागली. बोलणं मात्र गेलं. तिला समजायचं सगळं. माझ्याकडे बघून ओठ हलवायची, आवाज फुटायचा नाही, मग चिडून भिंतीकडे तोंड करून पडायची. जन्मभर जिने मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाही, ती गप्प झाली आणि घर मला खायला उठलं.

आभा नावाची एक तरुण स्पीच थेरपिस्ट घरी यायची. चित्रं दाखवायची. काकू, हा आंबा, म्हणा आंबा. विमला चित्राकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझा मुलगा क्षितिज कामाच्या निमित्ताने सतत दौऱ्यावर. सून मालविका मकरपुऱ्याच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनीयर, ती कंपनीच्या बसने सकाळीच निघून जाई. दिवसभर आम्ही दोघं. मी बोलायचो, ती ऐकायची. माझं बोलणं इतकं कंटाळवाणं असतं हे मला तेव्हा कळलं.

एके दिवशी शेजारच्या धर्मिष्ठाबेन दारात येऊन उभ्या राहिल्या. "विश्वासभाई, भाभीने बहार लावो ने. घरमां शुं बेसी रहेवानुं?"

वहिनींना बाहेर आणा, घरात काय बसून राहायचं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, तिला बोलता येत नाही, ती ओटल्यावर येऊन काय करणार?

"तो अमे बोलीशुं ने," मग आम्ही बोलू की, असं म्हणून त्या मला बाजूला सारून आत आल्या.

दोघीतिघींनी धरून विमलाला ओटल्यावर नेलं. नव्या सुनेसारखं मधोमध बसवलं, कुंकू लावलं, हातावर साखर ठेवली. मग पाठीला टेकायला खोड हवं म्हणून कडुनिंबाकडचा कोपरा तिला दिला. जुन्या साडीचं शिवलेलं एक बस्कर होतं, ते तिच्याखाली घातलं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ती तिथे आणि मी आमच्या व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर, असा क्रम पडला.

एकदा धर्मिष्ठाबेन जावयाचं कौतुक सांगत होत्या. जावई मुलीला काडीचं काम करू देत नाही, रोटल्या स्वतः करतो, भांडीसुद्धा घासतो, आणि वर रोज रात्री तिचे पाय दाबतो. सगळ्या जणी ऐकत होत्या. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "खोटुं."

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. विमलाने दम घेतला आणि सावकाश, एकेक शब्द उचलत म्हटलं, "तुं खोटुं बोले छे."

धर्मिष्ठाबेन आधी हसल्या, मग विमलाच्या गळ्यात पडून रडल्या. मी झोपाळ्यावरून उठलो तो अनवाणीच धावलो. त्या जावयाचे पाय धरावेत असं मला वाटलं.

तिथून तिचं बोलणं येत गेलं, पण सगळं गुजरातीत. जन्म बडोद्याचा असला तरी विमलाच्या माहेरी आणि आमच्याकडे घरात मराठीच चालायचं. आता मी मराठीत विचारायचो, तिला कळायचं, आणि उत्तर गुजरातीत यायचं. आभा म्हणाली, असं होतं कधीकधी. "काका, ज्या दारातून शब्द येतायत त्या दारातून येऊ द्या. मराठी कुठे गेलेली नाही, आत आहे. फक्त एक करा, काकूंचं ओटल्यावर जाणं बंद करू नका. बोलणं थांबलं तर आलेलंसुद्धा मागे जाऊ शकतं."

'अहो' गेलं. गुजराती बायका नवऱ्याला हाक मारतात तशी ती मला हाक मारायला लागली. "सांभळो छो? पाणी आपो ने." ऐकताय का, पाणी द्या ना. मी पाणी द्यायचो. मला आनंद होता, अगदी मनापासून होता. तरीपण शेजारणीचा नवरा आपण आहोत की काय असं मधूनच वाटायचं, आणि ते वाटल्याची लाज वाटायची. ओटल्यावर मात्र माझा जीव जडला. सकाळी फिरायला जाताना आसपास कोणी नाही असं बघून मी त्या फरशीला हात लावून नमस्कार करायचो. संडासाच्या टाकीला नमस्कार करणारा बडोद्यात मी एकटाच असेन.

आणि नेमकी तेव्हाच ड्रेनेजची लाईन आली.

रस्ता खणला गेला, मोठे पाइप उतरले, प्रत्येक टेनामेंटची जोडणी नव्या चेंबरला झाली. ज्या दिवशी ती सुरू झाली त्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या घरात फ्लश ओढले आणि दत्तात्रेय मोहिते चेंबरपाशी वाकून उभे राहिले. "जातंय," त्यांनी ओरडून सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. हसण्यासारखं आहे खरं, पण पुराच्या साली ज्याच्या मोरीतून टाकीतलं पाणी उलटं घरात आलं आहे त्याला विचारा. धर्मिष्ठाबेनच्या देवघरापर्यंत आलं होतं. आता तो धाक संपला. मोहित्यांनी पेढे वाटले, मला दोन दिले.

हे मोहिते निवृत्त हिशेबनीस, आणि मी पूर्व म्हटलं की पश्चिम म्हणणारे. पेढे संपायच्या आत त्यांनी मीटिंग बोलावली. रिकामी टाकी तशीच ठेवणं धोक्याचं आहे, ती उपसून भरून टाकायला हवी, यावर कोणाचं दुमत नव्हतं. कॉन्ट्रॅक्टर हार्दिक आला होता. त्याने सांगितलं की सक्शनच्या टँकरने मैला उपसायचा, चुना टाकायचा, मग वरून स्लॅब तोडून टाकी भरायची.

"आणि वर पेव्हर ब्लॉक," मोहिते म्हणाले. "गाड्या लावायला जागा होईल."

नव्या बिऱ्हाडांनी लगेच माना डोलावल्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं. गाड्या आल्या की ओटला गेला. ओटला गेला की कोणी टीव्हीपुढे बसणार, कोणी मोबाइल घेऊन. विमलाला धरून न्यायचं कुठे? आभाचे शब्द माझ्या डोक्यात घण घालत होते.

मी उभा राहिलो. "स्लॅबला हात लावायचा नाही. झाकणातून वाळू सोडा, पाणी मारा, टाकी आपोआप भरेल."

हार्दिक म्हणाला, "काका, उपरथी रेती नाखीए तो अंदर पोलुं रही जाय. खूणामां पहोंचे नहीं." म्हणजे वाळू कोपऱ्यापर्यंत पोचणार नाही, आत पोकळी राहील.

"राहू दे. इतकी वर्षं पोकळच होतं ने? काय झालं?"

लोक हसले. मोहित्यांनी काहीतरी मुद्दा काढला, मी त्याहून मोठ्याने काहीतरी बोललो. शेवटी मी सेक्रेटरीपदाचा राजीनामा देतो म्हणालो. हे माझं ठेवणीतलं शस्त्र आहे, कारण सोसायटीत दुसरं कोणी ते काम घ्यायला तयार नाही. स्लॅब ठेवायचा असं ठरलं. मी विजयी मुद्रेने घरी आलो आणि विमलाला म्हटलं, तुझा ओटला वाचवला. तिने माझ्या गालाला हात लावला.

टँकर आला, दिवसभर घरघरला, गेला. चुना पडला. दोन्ही झाकणं उघडी ठेवली आणि भोवती दोरी बांधली. आत कोणीही उतरायचं नाही, वाकून बघायचंसुद्धा नाही, आतला वायू माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही, असं मालविकाने सगळ्या सोसायटीला दम देऊन सांगितलं. माझी सून एरवी हळू बोलते, पण कारखान्याचा आवाज काढला की हार्दिकसारखा माणूसही "हा, मॅडम" म्हणतो. वास होता, म्हणून बायका घराबाहेर पडल्या नाहीत. त्या दिवसांत विमला खिडकीपाशी बसून राहिली. सांभळो छो हेसुद्धा कमी झालं. बघितलं, मी मनात म्हटलं, मी बरोबरच होतो.

रविवारी वाळू यायची होती. आदल्या दिवशी मालविका म्हणाली, "बाबा, भरायच्या आधी एकदा आतून बघून घेऊ. आमच्याकडे कुठलीही टाकी आतून बघितल्याशिवाय बंद करत नाहीत." तिने एका लांब बांबूला आपला मोबाइल बांधला, टॉर्च लावला, व्हिडिओ सुरू केला आणि दोरीच्या बाहेर उभं राहून बांबू झाकणातून आत सोडला. बघ्यांना तोटा नव्हता. धर्मिष्ठाबेन नाकाला पदर लावून आल्या, मोहिते आले, मी विमलाला खुर्ची आणून बसवलं. मालविकाने आधी तळ टिपला, मग भिंती. मग बांबू बाहेर काढून मोबाइल उलटा बांधला. "वरचं पण बघू."

तिने बांबू बाहेर घेतला आणि आम्ही सगळे त्या एवढ्याशा पडद्यावर वाकलो.

तळ स्वच्छ होता. भिंती काळ्या, पण शाबूत. आणि मग छत दिसलं. छत म्हणजे आमचा ओटला, खालून. सिमेंट गळून पडलं होतं. सळया उघड्या पडल्या होत्या आणि गंजून त्यांना खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटले होते. बऱ्याच ठिकाणी सळई मध्येच संपत होती. कडुनिंबाकडच्या कोपऱ्यात तर सळया नव्हत्याच. वरच्या फरशीच्या तुकड्यांना धरून काँक्रीटचा एक पातळ थर तेवढा उरला होता, आणि त्यातून एका बारीक भेगेतून दिवसाचा उजेड आत येत होता.

"हा कोपरा कुठला?" मी विचारलं. मला माहीत होतं.

मालविका म्हणाली की टाकीतला वायू ओलाव्याशी मिळाला की त्याचं ॲसिड होतं, आणि ते काँक्रीट खालून खात जातं. वर काही दिसत नाही. झाकण उघडलं की माणूस खाली बघतो, वर कोण बघतं?

मला वाटलं होतं मोहिते आता माझी पाठ सोलून काढतील. त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा बघितला, आणि चष्मा काढून पुसत बसले. त्यांच्या नातवंडांचा आवडता खेळ म्हणजे ओटल्यावरून उड्या मारणं. धर्मिष्ठाबेन हळूच म्हणाल्या की गेल्या नवरात्रात मातेला आरती करायला सगळ्याच जणी वर चढल्या होत्या. मी जमिनीवर बसलो. त्या कोपऱ्यात मी माझ्या विमलाला रोज बसवत होतो. आणि कालपरवा मीच उभा राहून, राजीनामा पुढे करून, ते छत तसंच ठेवायला लावलं होतं. त्याच्या खाली पोकळी ठेवून.

ज्या स्लॅबला पडायला कितीतरी वर्षं कारण होतं, तो पडला नव्हता. मी त्याला हात जोडले, आता उघड उघड.

मोहिते माझ्याजवळ आले. "विश्वासराव, तोडून टाकू उद्या. आणि टाकी भरली की त्याच जागी ओटा बांधायचा, नवा. गाड्या राहतील बाहेर."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"असं बघू नका," ते म्हणाले. "माझी सून आली तेव्हा पोरीला आई नव्हती, म्हणून वहिनींनीच तिला तिथे बसवून कुंकू लावलं होतं. मला सांगता येत नाही नीट." त्यांनी पुन्हा चष्मा पुसला. आयुष्यात पहिल्यांदा मी मोहित्यांचा हात हातात घेतला, आणि आम्हा दोघांनाही तो कधी सोडायचा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. बायकांचं म्हणणं पडलं की इतकी वर्षं ज्याने मांडीवर घेतलं त्याला असंच तोडायचं नाही. मालविकाने परवानगी दिली, पण दोरीच्या बाहेरून, हात लांब करून, फक्त बाजूच्या विटांना. धर्मिष्ठाबेननी विटांना कुंकू लावलं, साखर ठेवली. विमला रस्त्याच्या कडेला खुर्चीत बसली होती. काठी मांडीवर आडवी, नजर ओटल्यावर. सकाळपासून ती एक अक्षर बोलली नव्हती.

हार्दिकने हात वर करून जेसीबीवाल्याला थांबायला सांगितलं, लोकांना मागे सारलं. आणि तेवढ्यात मला ते दिसलं. कडुनिंबाकडच्या कोपऱ्यात विमलाचं बस्कर पडलं होतं. झाकणं उघडली त्या दिवसापासून तिथेच राहिलेलं, कोणाच्या लक्षातच आलं नाही. जुन्या साडीचं, एका बाजूची शिवण उसवलेलं. ते विमलाला लागेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. आदल्या दिवशीचा व्हिडिओ मी अर्धा डझन वेळा बघितला होता, पण पायांनी थोडाच बघितला होता? पायांना रोजची सवय. मी दोरीखालून वाकून आत शिरलो, कोपऱ्यापाशी गेलो, आणि वर चढायला उजवा पाय उचलला.

"अहो!"

मी जागच्या जागी थिजलो. पाय तसाच वर. त्या हाकेला थांबायचं हे माझ्या हाडामांसात मुरलेलं आहे, कानांनी ऐकायच्या आधी मी थांबतो. मागे वळून बघितलं. विमला खुर्चीतून उठून उभी होती. काठी खाली पडलेली, अधू हात पुढे आलेला.

"अहो, मागे या," ती म्हणाली. "पडाल."

मी पाय मागे घेतला. एक पाऊल मागे, आणखी एक. मालविकाने माझा दंड धरून मला दोरीबाहेर ओढलं. ती रागाने पांढरी पडली होती. हार्दिकने खूण केली. जेसीबीने आपला पंजा त्या कोपऱ्यावर टेकवला, मारलासुद्धा नाही, नुसता टेकवला. कोपरा बस्करासकट खाली गेला. फारसा आवाजही झाला नाही. थोडी धूळ उडाली, पांढरे तुकडे खडखडले, आणि मी पाय ठेवणार होतो तिथे काळोख होता.

मी विमलापाशी गेलो. मला तिला पुष्कळ काही सांगायचं होतं. तोंड उघडलं, आवाज निघेना. ओठ नुसते हलत राहिले. तिने माझ्याकडे नीट निरखून बघितलं, आणि मला वाटतं तिला गंमत वाटली, कारण ती गालातल्या गालात हसली. मग आपल्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाली, "सांभळो छो? बेसी जाओ."

मी बसलो आणि भर रस्त्यात सगळ्यांसमोर रडलो.

स्लॅबचे तुकडे टाकीतच गेले, त्यावर वाळू आणि विटांचे रोडे, वर पाणी. भराव बसायला बरेच दिवस द्यावे लागले. तेवढ्या दिवसांत बायका आमच्या व्हरांड्यात येऊन बसल्या, परातींसकट. म्हणजे ओटला नसला तर विमलाभोवती कोणी येणार नाही अशी जी भीती मी उराशी धरून बसलो होतो, तिला काही अर्थच नव्हता. मला बापड्याला आपला झोपाळा सोडावा लागला, एवढंच. मग त्याच जागी नवा ओटला बांधला, खाली भरीव जमीन. चायना मोझेकसाठी घरोघरून फुटकी कपबशी आली. आमच्याकडे एकही फुटकी नव्हती. विमलाने कपाटातला आमच्या लग्नातल्या सेटचा शेवटचा कप काढला आणि माझ्या हातात दिला, फोडा म्हणून. तो निळ्या काठाचा तुकडा कडुनिंबाकडच्या कोपऱ्यात बसवला आहे.

पहिल्यांदा वर कोणी बसायचं यावर चर्चा झाली. धर्मिष्ठाबेन म्हणाल्या, "पहेला विश्वासभाई बेसे. पडवानुं होय तो ए पडे." पडायचंच असेल तर मी पडावं, याला मोहित्यांनी जोरात अनुमोदन दिलं. मला मधोमध बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, हातावर साखर ठेवली. इतकी वर्षं या सोसायटीत राहून मला कोणी असं बसवलं नव्हतं. मी साखर खाल्ली आणि फरशीवर दोन्ही तळवे टेकवून बराच वेळ बसून राहिलो.

'अहो' त्यानंतर अजून आलेलं नाही. मालविका विचारते, बाबा, पुन्हा म्हणाल्या का आई? मी नाही म्हणतो. आभा म्हणते, काका, येईल, घाई करू नका. मला घाई नाही. माझा पाय चुकीच्या जागी पडायला लागला तर तो शब्द अजून बाहेर येतो, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, आणि ज्याने ऐकवलं त्या देवाचे, त्या बायकांचे आणि त्या मोडक्या स्लॅबचे उपकार मी फेडू शकणार नाही.

हे लिहीत झोपाळ्यावर बसलो आहे. समोर ओटल्यावर वालाच्या शेंगा निवडणं चाललं आहे, धर्मिष्ठाबेनचा जावई पुन्हा विषयात आला आहे. आताच विमलाने मान वळवून हाक मारली, "सांभळो छो?"

ऐकतोय, म्हटलं, आणि तिची शाल घेऊन निघालो.